मध्यरात्री नागपूर : चार शहरं, चार विमानं आणि एक दोरा

भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, चांदपूरच्या तलावाच्या बाजूला सिहोरा नावाचं गाव आहे. भाताचा मुलूख. रेल्वेनं यायचं तर तुमसर रोडला उतरून पुढे रस्त्यानं. या गावी शिक्षकांच्या एका बैठकीत आम्ही पृथ्वीगोल, दोऱ्याचं रीळ आणि शाळेतला नकाशा घेऊन बसलो होतो. विषय साधा होता : दोन दूरच्या शहरांमधलं विमानाचं अंतर कसं काढायचं, आणि त्याला लागणारा वेळ कसा. नववी-दहावीच्या भूगोलात आणि गणितातही बसणारा.

उदाहरण म्हणून आम्ही मुंबई आणि कोलकाता घेतलं. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांवर बोट ठेवून दोरा ताणला. तो ताणल्यावर समोरच्या एका शिक्षिका म्हणाल्या, "हा तर नागपूरवरून जातोय की!" दुसऱ्यांनी दिल्ली आणि चेन्नई यांच्यामध्ये दोरा ताणला. तोही नागपूरवरून. मग कोपऱ्यात बसलेले एक निवृत्त गुरुजी बोलू लागले. लहानपणी ते शिक्षणासाठी भंडाऱ्याला मामाकडे राहत. रात्री कधी जाग आली की एक वाजून गेल्यावर आकाशातून घरघर ऐकू येई. मामा कूस बदलून म्हणत, "कलकत्त्याची डाक चालली." गुरुजींना पुढे कितीतरी वर्षं वाटत होतं की मामांनी आपल्याला झोपवण्यासाठी ते सांगितलं असावं.

मामा खरं बोलत होते. आणि ते खरं असल्याचं त्या दोऱ्यावरूनच पडताळता येतं. बैठकीतला उरलेला वेळ त्यातच गेला. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहोत.

३० जानेवारी १९४९ पासून भारतात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. त्यावेळी रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री होते. योजना अशी : रोज रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून एकेक विमान टपालाच्या थैल्या आणि थोडे प्रवासी घेऊन निघायचं. चौघांनी मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायचं. तिथे थैल्यांची अदलाबदल व्हायची. मुंबईच्या विमानातून दिल्ली, कलकत्ता, मद्रासच्या थैल्या उतरायच्या आणि त्या तीन शहरांहून मुंबईसाठी आलेल्या थैल्या चढायच्या. मग प्रत्येक विमान आल्या वाटेनं परत. पहाटे आपापल्या गावी. संध्याकाळी मुंबईच्या पेटीत पडलेलं पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी कलकत्त्याच्या पोस्टमनच्या हाती.

सुरुवात खडतर होती. पहिल्यांदा हे काम इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स नावाच्या कंपनीकडे होतं, ते काही महिन्यांतच थांबलं. मग हिमालयन एव्हिएशन आणि पुढे डेक्कन एअरवेज यांनी ते चालवलं. १ ऑगस्ट १९५३ रोजी देशातल्या विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आली. सोनेगावची धावपट्टी मात्र यापेक्षा कितीतरी जुनी, पहिल्या महायुद्धाच्या शेवटाकडची, १९१७-१८ सालची.

आता प्रश्न असा, की नागपूरच का? "कारण नागपूर भारताच्या मध्यभागी आहे," हे उत्तर वर्गातलं कुठलंही मूल देईल, आणि पुराव्यादाखल झिरो माइलच्या दगडाचं नाव घेईल. इथे जरा थांबायला हवं. तो दगड महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आहे. त्यावर १९०७ हे साल आणि समुद्रसपाटीपासूनची उंची, १०२०.१७१ फूट, कोरलेली आहे. म्हणजे मुळात तो उंचीचा संदर्भबिंदू आहे. शेजारच्या स्तंभावर काही गावांची मैलांतली अंतरं आहेत हे खरं, पण त्यामुळे तो देशाचा मध्य ठरत नाही. १९०७ सालचा 'देश' आजच्यापेक्षा वेगळा होता, त्यात कराची होतं, ढाका होतं. 'मध्य' कशाचा, क्षेत्रफळाचा, लोकसंख्येचा की आणखी कशाचा, हे ठरवल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. टपालखात्याला देशाचा मध्य नकोच होता. त्यांना चार ठरावीक शहरांचा मध्य हवा होता. तो आपल्याला मोजता येतो.

मोजण्याची रीत अगदी सोपी आहे. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण उत्तरेला सरकावं तसा तो आकसतो, कारण रेखावृत्तं ध्रुवाकडे एकमेकांच्या जवळ येतात. म्हणून तिथे १११ ला त्या अक्षांशाच्या कोसाइननं गुणायचं. दिल्ली २८.६ अंश उत्तर, ७७.१ पूर्व. नागपूर २१.१ उत्तर, ७९.०५ पूर्व. अक्षांशातला फरक ७.५, म्हणजे ८३२ किलोमीटर. रेखांशातला फरक १.९५. दोन्ही शहरांच्या मधल्या अक्षांशाचा, म्हणजे २४.८५ अंशांचा, कोसाइन ०.९०७. गुणाकार येतो १९६ किलोमीटर. आता पायथागोरस : ८३२ चा वर्ग अधिक १९६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर ८५५ किलोमीटर. पृथ्वी सपाट मानून केलेलं हे गणित हजारेक किलोमीटरपर्यंत फारसं चुकत नाही. मुंबई-लंडनसारख्या सात हजार किलोमीटरांच्या अंतराला मात्र ते चालणार नाही. तिथे गोलीय त्रिकोणमिती लागते, किंवा पृथ्वीगोल आणि दोरा.

याच रीतीनं नागपूर-मुंबई सुमारे ६८०, नागपूर-मद्रास ९१० आणि नागपूर-कलकत्ता ९८५ किलोमीटर येतं. आता बेरीज करून बघा. मुंबई ते कलकत्ता नागपूरमार्गे १६६५ किलोमीटर. थेट सरळ अंतर काढलं तर ते यापेक्षा दोन-तीन किलोमीटरच कमी भरतं! दिल्ली-मद्रासचंही तसंच. नागपूरमार्गे १७६५, थेट गेलं तर पुन्हा दोन-तीन किलोमीटरांचीच बचत. शहरातल्या शहरात रिक्षावाला यापेक्षा मोठा वळसा घालतो. नागपूर या दोन्ही रेषांवर तंतोतंत नाही, प्रत्येकीपासून चाळीस-पन्नास किलोमीटर बाजूला आहे. पण शेकडो किलोमीटरांच्या त्रिकोणात एवढ्या कमी उंचीनं बाजूंची बेरीज जवळजवळ वाढतच नाही. भूमितीतली ही गोष्ट मुलांना पटत नाही, म्हणून ती कागदावर काढून दाखवण्याजोगी आहे.

नागपूरची खरी मक्तेदारी ही आहे : ते देशाच्या दोन मोठ्या कर्णांच्या छेदनबिंदूजवळ आहे.

चौकोनाच्या बाजूंना हा हिशेब लागू पडत नाही, हेही सांगायला हवं. मुंबई-मद्रास थेट १०३५ किलोमीटर, नागपूरमार्गे १५९०. कलकत्ता-मद्रास थेट १३८५, नागपूरमार्गे १८९५. म्हणजे मुंबईचं पत्र मद्रासला जाताना पाचशेहून जास्त किलोमीटर उगाच फिरे. तरीही योजना फायद्याची का ठरली? चार शहरांच्या जोड्या होतात सहा. प्रत्येक जोडीत दोन्ही बाजूंनी थेट विमान सोडायचं तर रोज रात्री बारा उड्डाणं आणि आमच्या हिशेबानं एकूण १६,६०० किलोमीटरांचा प्रवास. नागपूरला एकत्र यायचं तर चार विमानं आणि एकूण ६,८६० किलोमीटर. निम्म्याहूनही कमी. शहरं चारऐवजी दहा केली तर जोड्या किती होतील आणि विमानं किती लागतील, हे मुलांनाच काढू द्यावं. फरक एकदम डोळ्यांत भरतो.

अमेरिकेतल्या फेडरल एक्स्प्रेस या कंपनीनं मेम्फिस शहरात रात्री सगळी विमानं एकत्र आणून पार्सलं बदलायची आणि पहाटे परत पाठवायची, ही पद्धत १७ एप्रिल १९७३ रोजी सुरू केली. व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून तिचं कौतुक होत असतं. नागपुरात ही गोष्ट त्याआधी चोवीस वर्षं चालू होती. मेम्फिसवाल्यांनी ती नागपूरवरून घेतली असं म्हणण्याला आधार नाही, आणि तसं म्हणूही नये. पण आमच्या पाठ्यपुस्तकांत नागपूर म्हटलं की फक्त संत्री येतात, याचं थोडं वाईट वाटतं.

आता वेळ. सुरुवातीची विमानं डकोटा होती. दोन पंख्यांचं, युद्धात घासूनपुसून निघालेलं विमान. वेग ताशी सुमारे २७० किलोमीटर. या वेगानं नागपूरला पोचायला मुंबईहून अडीच तास, दिल्लीहून सव्वातीनच्या आत, मद्रासहून साधारण तीन तास बावीस मिनिटं आणि कलकत्त्याहून तीन तास चाळीस मिनिटं. सगळ्यात जवळच्या आणि सगळ्यात लांबच्या शहरात जेमतेम सव्वा तासाचा फरक. रात्री साडेआठ-साडेनवाला निघालेली चारही विमानं मध्यरात्रीच्या आसपास जमू शकत होती आणि उजाडायच्या सुमारास घरी पोचू शकत होती. विमानाचा वेग निम्मा असता तर एका रात्रीत हे बसलं नसतं. दुप्पट असता तर एवढा खटाटोप करायची गरज नव्हती. ही योजना त्या विमानाच्या वेगाला आणि या देशाच्या आकाराला मापून शिवलेल्या अंगरख्यासारखी होती.

कागदावरच्या या वेळा प्रत्यक्षात जशाच्या तशा येत नाहीत. चढण्या-उतरण्यात वेळ जातो आणि वारा असतो. वाऱ्याचं एक गणित आम्ही बैठकीत मुद्दाम घातलं. नागपूर-कलकत्ता ९८५ किलोमीटर, विमानाचा वेग २७०, आणि पश्चिमेकडून ताशी ३० किलोमीटरांचा वारा. जाताना वारा पाठीशी, येताना तोंडावर. दोन्ही मिळून वेळ तेवढाच लागेल ना? खोलीतल्या निम्म्याहून अधिक शिक्षकांनी 'हो' म्हटलं. जाताना वेग ३००, वेळ ३ तास १७ मिनिटं. येताना वेग २४०, वेळ ४ तास ६ मिनिटं. एकूण ७ तास २३ मिनिटं. वारा नसता तर ७ तास १८ मिनिटं. पाच मिनिटं वाया. कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. वारा जितका जोराचा, तितकं हे नुकसान झपाट्यानं वाढतं. आजची जेट विमानं दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातात. हिवाळ्यात उत्तर भारतावर त्या उंचीवर पश्चिमेकडून वेगवान वारे वाहतात, म्हणून पूर्वेकडे जाणारं आणि पश्चिमेकडे येणारं विमान यांच्या वेळापत्रकांत सरळ फरक दिसतो. वर्तमानपत्रातल्या किंवा तिकिटावरच्या वेळा घेऊन हे वर्गात तपासता येईल.

घड्याळाची भानगड वेगळीच. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, ती ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. पण मुंबईनं आपली जुनी 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडली नाही, आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. म्हणजे रात्रीच्या टपालाच्या पहिल्या काही वर्षांत एखादा मुंबईकर घरच्या घड्याळात आठ वाजता निघून अडीच तासांनी नागपूरला उतरला, तर तिथलं घड्याळ साडेदहा नव्हे, अकरा वाजून नऊ मिनिटं दाखवणार. पोचल्याच्या वेळेतून निघाल्याची वेळ वजा केली की प्रवासाचा वेळ मिळतो, हे दोन्ही घड्याळं एकाच वेळेला लावलेली असतील तरच खरं. मुंबईहून अमेरिकेला जाणाऱ्या नातेवाइकांच्या तिकिटावरून मुलं हमखास चुकतात ती इथेच. सिहोऱ्याचा सूर्यसुद्धा प्रमाणवेळेच्या दहा मिनिटं मागे चालतो, फक्त आपण त्याला विचारत नाही.

नागपूरच्या आधी पत्रं कशी जात होती? पूर्वी बदलत्या हरकाऱ्यांच्या पायांनी. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. नागपूरहून पूर्वेकडे जाणारा छोट्या गेजचा छत्तीसगडचा फाटा १८८० च्या दशकात बंगाल-नागपूर रेल्वेनं घेतला, रुंद केला, आणि १८९१ मध्ये तो पार आसनसोलपर्यंत नेला. तुमसर रोड स्टेशन याच मार्गावर आहे. आज मुंबई ते हावडा रेल्वेनं नागपूरमार्गे १९६८ किलोमीटर होतात, मुंबई-नागपूर ८३७ आणि नागपूर-हावडा ११३१. विमानाच्या १६६५ शी तुलना करा. तीनशे किलोमीटरांचा फरक म्हणजे घाट, नद्या, डोंगर आणि वाटेतली गावं. रेल्वे वळते ती कुणाला तरी घ्यायला, हे विसरू नये. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, १९७७ च्या डिसेंबरात, याच मार्गावर वर्ग नसलेली गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. तिलाही दीड दिवसाच्या आसपास लागत असे. डकोटाला नागपूरचा थांबा धरून एक रात्र पुरे.

त्या रात्रीची किंमतही होती. १२ डिसेंबर १९५३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून उडालेलं डकोटा लगेचच कोसळलं. त्यातले सर्व प्रवासी मरण पावले, वैमानिक तेवढा वाचला. एका मृत प्रवाशाच्या पत्नीनं भरपाईसाठी महामंडळावर दावा लावला. तिकिटावर 'आम्ही जबाबदार नाही' असं छापलेलं असताना कंपनीची जबाबदारी कुठवर, हा त्यातला प्रश्न होता. कलकत्ता उच्च न्यायालयातला त्याचा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही वाचावा लागतो. पत्रं एका रात्रीत पोचतात म्हणून आपण खूश होतो, तेव्हा अंधारात रेडिओच्या खुणांवर विसंबून रोज चार विमानं एकाच धावपट्टीकडे येत असत, हे डोळ्यांसमोर असू द्यावं. शिवाय एका विमानाला उशीर झाला की बाकीच्या तिघांनी थांबायचं की त्याच्या थैल्या सोडून निघायचं, हा पेच असणारच. एका जागी सगळं बांधलं की गाठही तिथेच पडते.

सेवा ऑक्टोबर १९७३ पर्यंत चालली. तोवर परिस्थिती बदलली होती. १९६४ पासून इंडियन एअरलाइन्सकडे कारावेल ही जेट विमानं आली होती, त्यानंतर बोइंग ७३७ आली. मुंबई-कलकत्ता मध्ये न थांबता अडीच-पावणेतीन तासांत होऊ लागलं. संध्याकाळच्या नेहमीच्या प्रवासी विमानाच्या पोटात टपाल टाकलं की काम होत होतं. नेमक्या त्याच महिन्यात अरब देशांनी तेलाची कोंडी केली आणि इंधनाचे भाव भडकले. नागपूर पुन्हा मधलं शहर झालं. आता त्याच्यावरून विमानं उंचावरून जातात. पण देशावरून जाणाऱ्या हवाई मार्गांची गर्दी आजही नागपूरच्या आकाशात आहे, आणि त्याला कारण तेच जुने कर्ण.

आता मामांची डाक. नागपूर ते कलकत्ता ही रेषा नकाशावर काढली तर ती भंडारा शहराच्या उत्तरेला अगदी जवळून जाते. नागपूरपासून तिथवर साठ-पासष्ट किलोमीटर, म्हणजे डकोटाला चौदा मिनिटं. थैल्या बदलून विमान एकच्या सुमारास निघालं तर सव्वाला भंडाऱ्यावर. गुरुजींची आठवण गणितात चपखल बसली. सिहोऱ्याला मात्र हा आवाज पोचणं अवघड. नागपूरपासून सरळ रेषेत सुमारे नव्वद किलोमीटर असलं, तरी ते गाव या रेषेच्या उत्तरेला वीस-पंचवीस किलोमीटर पडतं. बैठकीतल्या एका तरुण शिक्षकानं मग शंका काढली : कलकत्त्याहून नागपूरला येणारं विमानही त्याच वाटेनं यायला हवं, म्हणजे आवाज रात्री दोनदा यायला हवा, एकदा बाराच्या आत आणि एकदा एकनंतर. मग गुरुजींनी एकदाच कसा ऐकला? गुरुजी बराच वेळ विचार करत होते. मग म्हणाले, "आधीचं येत असेल. तेव्हा आम्ही नुकतेच झोपलेलो असू."

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कलकत्त्याला कामाला असलेल्या काकांचं पत्र भंडाऱ्याला मामांकडे यायचं ते तिसऱ्या दिवशी, आणि तेच पत्र सिहोऱ्याला घरी आलं तर चौथ्या-पाचव्या. आम्ही फळ्यावर मांडणी केली. कलकत्ता-नागपूर ९८५ किलोमीटर, तीन तास चाळीस मिनिटं. नागपूर-सिहोरा रस्त्यानं शंभर-सव्वाशे किलोमीटर, तीन-चार दिवस. छाननी, गाडी, तुमसर रोडची थैली, तिथून मोटार, मग पोस्टमनची सायकल, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर असेल तर तो उतरेपर्यंतची वाट. दोन्ही टप्प्यांचा सरासरी वेग काढायला सांगितला. पहिल्याचा आला ताशी २७०. दुसऱ्याचा एका मुलीनं काढला, ताशी दीड किलोमीटर, आणि आपलं काही चुकलं असं समजून पुसून टाकला. आम्ही तिला तो पुन्हा लिहायला लावला.